शब्दशंका : कुर्दी ‘झिन’ आणि आपली ‘जननी’

प्रश्न : महिला मंडळाच्या भित्तिपत्रकावर ‘जिन, जियान, आझादी’ (बाई, जगणं, स्वातंत्र्य) ही कुर्दी घोषणा घ्यायची आहे. ‘जिन’ म्हणजे बाई. मग तो ‘जननी’वरूनच आला ना? आणि लिहायचा कसा? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. ऋग्वेदात स्त्री, पत्नी या अर्थाने ‘जनि’ आणि देवपत्नींसाठी ‘ग्ना’ येतात. कुर्दी शब्द या घराण्यातला. पारशांच्या धर्मग्रंथातला, म्हणजे अवेस्तातला ‘जैनि’, फारसी ‘ज़न’ आणि ग्रीक ‘गुने’ही त्यातलेच. ‘जननी’ मात्र जन्म देणे या अर्थाच्या ‘जन्’ धातूची. संस्कृतात दोन्ही मुळांचा ‘ज’ एकच झाला, म्हणून आपली फसगत होते. फारसीतही दोन्हीकडे ‘ज़’च. कुर्दीने फरक जपला: जन्म देण्याच्या ‘ज़ायीन’मध्ये ‘आझाद’मधला साधा झ, बाईसाठी वेगळाच आवाज. ‘श’ म्हणायला जीभ ठेवा आणि घशातून नाद काढा, तो हा आवाज. त्यापुढची इ आखूड, जवळजवळ अ.

देवनागरीत हा आवाज नेमका उतरत नाही. ‘झिन’ लिहा, ‘जिन’ लिहिलंत तर लोक भूत समजतील. (भुताच्या जिनला कुर्दी रोमन लिपीत ‘सी’ अक्षर लागतं, बाईला ‘जे’.) रोमनमध्ये बाईच्या ‘आय’वर फक्त टिंब, ‘आझादी’च्या शेवटच्या ‘आय’वर मात्र टोपी (î) हवी.

कुर्दी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात, तिथे ‘झिन’च्या पहिल्या अक्षरावर तीन टिंबं. एकच पडलं की फारसी ‘ज़न’ वाचला जातो. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं उलटी लागतात आणि सुटतात. ‘झिन’मध्ये दोन्ही अक्षरं मुळातच सुटी, त्यामुळे चूक लवकर दिसत नाही, तीन टिंबांचं अक्षर उजवीकडे आहे ना, बघा. ‘झियान’मध्ये मधली दोन अक्षरं जोडलेलीच हवीत. छपाईआधी एवढं तपासाच, फ्लेक्स पुन्हा काढायचा खर्च वाचेल.

प्रश्न : ‘झिन’ आणि ‘झियान’ (जगणं) एकाच मुळातले का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कानाला तसं वाटतं, आणि घोषणेची गंमतही त्यातच आहे. पण ‘झियान’ आपल्या ‘जीव’च्या कुळातला. सप्टेंबर 2022 मध्ये तेहरानमध्ये मृत्यू पावलेल्या, आणि जिच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात ही घोषणा गाजली त्या महसा अमिनी या कुर्दी तरुणीचं कुर्दी नाव ‘झिना’, तेही जगण्याकडचंच. ‘झिन’चा चुलत शब्द हवा तर मराठीत ‘जनाना’ आहे, फारसी ‘ज़न’वरून आलेला.