बेसबॉलच्या हंगामाचा अंदाज : विजयांआधी धावा मोजा

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे आणि त्यातूनच मुलांना अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचीही गोडी लागली आहे. मार्चअखेर तिथला हंगाम सुरू होण्यापूर्वी तीसही संघ किती सामने जिंकतील याचा तक्ता मुलांनी स्वतः तयार करून वर्गात लावावा, असा विचार आहे. गेल्या वर्षीची गुणतालिका समोर ठेवून काम भागेल का, की जाणकार आणखी काही पाहतात?
— एक क्रीडाशिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गुणतालिका जरूर समोर ठेवावी, मात्र तिच्यातील विजयांचा रकाना हाताने झाकून केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा हे दोनच रकाने मुलांना वाचायला सांगावेत. बेसबॉलमध्ये एका धावेने सुटणारे सामने पुष्कळ असतात आणि ते कोणाच्या पारड्यात पडले यात कसबापेक्षा योगायोगाचा वाटा मोठा असतो. उलट १६२ सामन्यांत मिळून केलेल्या आणि दिलेल्या धावा संघाची ताकद बऱ्याच अंशी उघड करतात. बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने त्यासाठी दिलेले सूत्र नववीतल्या मुलांनाही जमेल असे आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या अपूर्णांकाला १६२ ने गुणावे. साधारण दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय, हा त्यातून निघणारा ढोबळ हिशेब.

मुलांकडून एक उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. सॅन दिएगो पाद्रेस संघाने २०२३ मध्ये ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या. सूत्राने त्यांचे विजय ९३ येतात. प्रत्यक्षात ते ८२ सामनेच जिंकले, कारण एका धावेने निकाल लागलेल्या ३२ सामन्यांपैकी २३ आणि बरोबरी झाल्याने ज्यादा डावांत गेलेल्या १४ सामन्यांपैकी १२ त्यांच्या हातून निसटले. नुसती तालिका पाहणाऱ्याने त्यांना मध्यम प्रतीचा संघ ठरवले असते. पुढच्या वर्षी, हुआन सोतोसारखा फलंदाज यांकीज संघाला देऊन टाकल्यावरही, ते ९३ सामने जिंकले. (आकडा तंतोतंत जुळला हा योगायोग, वर जाण्याची दिशा जुळली हा नव्हे.) याच्या उलट प्रकार बॉल्टिमोर ओरिओल्सचा. २०१२ मध्ये ७१२ धावा करून ७०५ देणारा हा संघ ९३ सामने जिंकला, कारण एका धावेच्या ३८ सामन्यांपैकी २९ त्याने घेतले. सूत्र त्याला जेमतेम ८२ विजय देत होते. २०१३ मध्ये एका धावेचे सामने त्याच संघावर उलटले आणि विजय ८५ वर आले.

एवढ्यावर पहिला मसुदा तयार होतो, पण तो गेल्या वर्षीच्या संघाचा. हिवाळ्यात खेळाडू इकडून तिकडे जातात, म्हणून जाणकार संघाचा अंदाज खेळाडूंपासून बांधतात. यातली सर्वांत सोपी पद्धत टॉम टँगो या अभ्यासकाची आहे आणि माकडालाही जमेल इतकी ती सोपी आहे, असे सांगण्यासाठी तिला त्याने ‘मार्सेल’ हे एका माकडाचे नाव दिले. फलंदाजाच्या गेल्या तीन वर्षांच्या आकड्यांना नजीकच्या वर्षापासून ५, ४, ३ असे वजन द्यायचे, येणारी सरासरी संपूर्ण लीगच्या सरासरीकडे थोडी ओढायची आणि वयाप्रमाणे किंचित कमीजास्त करायची. मधली पायरी मुलांना पटणार नाही, कारण गेल्या वर्षी चमकलेला खेळाडू यंदा आणखी चमकेल असेच आपल्याला वाटत असते. पण त्या चमकण्यात काही भाग नशिबाचा असतो आणि तो परत येईलच याची हमी नसते. ही पायरी गाळली तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

खेळाडू कसा खेळेल याहून अवघड प्रश्न तो किती खेळेल हा आहे. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, कोपरातील अस्थिबंध फाटला की टॉमी जॉन नावाची शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्याचे वर्ष, कधी दीड वर्षही, त्यातच जाते. असे दोन पिचर गेले की संघाचा सगळा हिशेब बदलतो. मैदानांचाही विचार हवा. कोलोराडो रॉकीजचे डेन्व्हरमधील मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे त्यांच्या फलंदाजांचे आकडे फुगलेले आणि पिचरांचे बिघडलेले दिसतात. फ्लोरिडा आणि अॅरिझोनात मार्चमध्ये होणाऱ्या सराव सामन्यांचे निकाल मात्र मुलांना पाहूच देऊ नका. तिथे अर्धा वेळ राखीव पोरे खेळत असतात.

तक्ता लावल्यावर तो वर्षभर तसाच ठेवू नये. आपल्याकडे उभे पीक पाहून नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते आणि कापणी प्रयोगांचे आकडे आल्यावर ती सुधारली जाते, तसेच हेही आहे. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा तिथला हंगाम जवळपास निम्मा झालेला असतो. पहिली सुधारणा तेव्हाच करावी, त्याआधी नको. २०२३ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने पहिल्या २८ सामन्यांपैकी २० जिंकले होते आणि हंगाम ७६ विजय व ८६ पराभवांवर संपवला. एप्रिलचे निकाल पाहून तक्ता फिरवणाऱ्याची त्या वर्षी फजिती झाली असणार.

प्रश्न : मी संख्याशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी आहे. संगणकाने केलेल्या अंदाजांत शंभरावर विजय क्वचितच कोणाला दिलेले दिसतात आणि साठाच्या खालीही फारसे कोणी नसते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने ४१ सामने जिंकून १२१ गमावले. अंदाज करणारे टोकाचा आकडा द्यायला कचरतात का?
— वाचक, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : कचरत नाहीत, ते आकडा देतात तो संभाव्य निकालांच्या मधोमधचा असतो. अगदी बरोबरीच्या ताकदीचा, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी असलेला संघ घ्या. १६२ सामन्यांत त्याचे अपेक्षित विजय ८१ आणि प्रमाण विचलन (सरासरीपासून निकाल साधारण किती दूर जातो त्याचे माप) सुमारे ६.४. म्हणजे निव्वळ नशिबाने तो ७५ ते ८७ यांच्या दरम्यान कुठेही सापडेल आणि तीन हंगामांतून साधारण एकदा त्याच्याही बाहेर पडेल. तीसही संघ हुबेहूब सारखे असते, तरी वर्षअखेर तालिकेच्या माथ्यावर एखादा संघ ९४ च्या आसपास विजय घेऊन बसला असता आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या कर्णधाराच्या जिद्दीवर रकाने भरले असते. टोकाला कोणीतरी जाणार हे निश्चित असते. कोण जाणार हे नसते, म्हणून कोणाच्याही नावापुढे टोकाचा आकडा पडत नाही.

त्यामुळे एखाद्या संघाबाबत अंदाज चुकला म्हणून पद्धत टाकून देता येत नाही. नेट सिल्व्हर यांनी तयार केलेली आणि २००३ पासून प्रसिद्ध होणारी ‘पेकोटा’ ही पद्धत घ्या. २०१५ मध्ये तिने कॅन्सस सिटी रॉयल्सला ७२ विजय दिले होते; ते ९५ जिंकले आणि विजेतेही झाले. तेवीस विजयांची चूक नशिबाच्या खात्यात पूर्ण बसत नाही, हे तुम्ही स्वतः प्रमाण विचलनाने भागून पाहू शकता. संघात पद्धतीच्या नजरेतून सुटलेले काहीतरी होते, असेच म्हणावे लागते. परंतु पारखायचे ते तीसही संघांच्या चुका एकत्र घेऊन, आणि तेही ‘सर्वांना ८१’ असा आळशी अंदाज केला असता तर किती चूक झाली असती त्याच्याशी ताडून.

विजेता ओळखण्याचे तर सोडूनच द्यावे. बाद फेरीत १२ संघ जातात आणि तिथे तीन, पाच किंवा सात सामन्यांत निकाल लागतो. सिॲटल मरिनर्सने २००१ मध्ये ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली, तरी ते अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले नाहीत. २०२३ मध्ये ८४ विजयांच्या अॅरिझोना डायमंडबॅक्सने १०० विजयांच्या डॉजर्सना सलग तीन सामन्यांत घरी पाठवले.

प्रश्न : असे अंदाज करून ॲपवर पैसे लावता येतात, असे भाचा म्हणतो. खरे का?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०२५ मध्ये झाला आहे, तेव्हा भाच्याला आवरावे. शिवाय सट्टेवाले जो आकडा देतात त्यात वर सांगितलेला सगळा हिशेब आधीच धरलेला असतो आणि त्यांचा नफाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि तालुका संघात कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) आहे. धावांचे ते सूत्र आमच्या संघाला लावून जिल्ह्याचा निकाल आधी सांगता येईल का?
— वाचक, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : नाही. सूत्राला खूप सामने आणि साधारण तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतात. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते, हरलो की संपले. वर्षभरात मोजके सामने होतात आणि त्यांतला एखादा १८-० असा सुटला की धावांची बेरीज कशाचीच निदर्शक राहत नाही.

पण तुझ्या जागेवरून एक गोष्ट छान मोजता येईल. शालेय सॉफ्टबॉलमध्ये बऱ्याच धावा बॅटने होतच नाहीत. पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जाते, पुढचा चेंडू तुझ्या हातमोज्याला चुकवून मागे गेला की ती दुसऱ्यावर, आणि पहिल्या बेसकडचा एक फेक चुकला की होम बेसवर, म्हणजे एक धाव. वहीत प्रत्येक पिचरच्या नावापुढे तीनच रकाने आख : समोर आलेल्या बॅटर, दिलेले वॉक (चार चेंडू बाहेर टाकून दिलेला तो फुकट बेस), केलेले स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटर). सरावाचे सामनेही धर. धावांपेक्षा हे आकडे लवकर स्थिरावतात, कारण त्यांत क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा हात कमी असतो. दिवाळीपर्यंत वही भरली की निकाल सांगता येणार नाही, पण जिल्ह्याच्या पहिल्या सामन्यात चेंडू कोणाच्या हाती द्यावा हे सरांना आकडे दाखवून सांगता येईल.