खाणावळ: मधले अक्षर आणि शेवटचा प्रत्यय

‘खाणावळ’ लिहावे की ‘खानावळ’, या शब्दात फारसी ‘खाना’ दडलेला आहे का, आणि खाणावळ, उपाहारगृह व हॉटेल यांत नेमका फरक कोणता, असे तीन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते: खाणावळ. ‘घरगुती खानावळ’ अशा पाट्या इतक्या बोकाळल्या आहेत की बरोबर लिहिणाऱ्यालाच आता लोक दुरुस्ती सुचवू लागले आहेत. ज्याच्या बोलीत ‘पानी’ आणि ‘लोनी’ आहे त्याने ‘खानावळ’ म्हटले तर त्यात काहीच वावगे नाही. परंतु एरवी ‘पाणी’ आणि ‘लोणी’ चोख लिहिणाऱ्याने याच एका शब्दात ‘ना’ घालावा, याला बोलीचे कारण पुरत नाही. त्याच्या कानात हिंदीतला ‘खाना’ घुमत असतो, इतकेच.

फारसीचा मुद्दा तर त्याहून लंगडा आहे. फारसीत ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा, आणि कारखाना, दवाखाना, तोफखाना या शब्दांत तो नेहमी शेवटी येतो. मुदपाकखान्यात अन्न शिजत असले तरी तिथलाही ‘खाना’ जागाच दाखवतो. जेवण या अर्थाचा हिंदी ‘खाना’ निराळा. तो संस्कृत ‘खाद्’ धातूच्या कुळातला, म्हणजे आपल्या ‘खाणे’चाच सख्खा भाऊ. घरात ‘खाणे’ असताना शेजारून ‘खाना’ उसना आणण्याची गरज मराठीला का पडावी, हे मला कोणी अजून सांगितलेले नाही. काही विद्वान याहीपुढे जाऊन दस्तरखानातला, म्हणजे जेवणासाठी अंथरायच्या कापडाच्या फारसी नावातला, ‘खान’ इथे ओढून आणतात. त्यांनी तो खुशाल आणावा, मात्र मग शब्दाच्या शेवटी उरलेल्या ‘आवळ’चा हिशेबही लावून दाखवावा.

कारण या शब्दाची सगळी गंमत त्या ‘आवळ’मध्ये आहे. मराठीत दोन ‘आवळ’ आहेत. एक संस्कृत ‘आवलि’पासून आलेला, रांग किंवा माळ दाखवणारा: वंशावळ, नामावळ, आणि पानांना पान जोडून टाचलेली पत्रावळ. दुसरा ‘आवळ’ मोबदल्याचा. सोनाराच्या पावतीवर आधी वजन, मग भाव आणि त्याखाली ‘घडणावळ’ लिहिलेली असते, ती दागिना घडवण्याची मजुरी. शिवण्याची ती शिवणावळ, दळण्याची ती दळणावळ, लिहिण्याची ती लिहिणावळ. (दळणावळीचा दळणवळणाशी काही संबंध नाही, हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.) आता ‘धुणे’वरून ‘धुणावळ’ कशी झाली ते पाहावे आणि त्याच साच्यात ‘खाणे’ घालून पाहावे. खाणावळ म्हणजे मुळात खाण्याचे पैसे, आणि ते देऊन जिथे जेवायला मिळते ती जागा हा नंतरचा अर्थ, असे माझे ठाम मत आहे.

खाणावळीत माणसे ओळीने जेवायला बसत, म्हणून हा ‘आवळ’ रांगेचाच, असे सांगणारे अनेक आहेत आणि ते पुरावा म्हणून ‘जेवणावळ’ पुढे करतात. पण जेवणावळ म्हणजे लग्नामुंजीची पंगत, आणि तिथे वाढप्यामागून कोणी वसुलीला येत नाही. शिवाय ‘जेवण’ हे स्वतंत्र नाम आहे, तसे ‘खाण’ हे खाण्याच्या अर्थाचे नाम मराठीत नाही; ‘खाण’ला रांगेचा ‘आवळ’ जोडलात तर कोळशाच्या खाणींची ओळ हाती लागेल. पैशाचा शब्द जागेला कसा चिकटेल, ही शंकाही टिकत नाही. टोल हा कर आहे, तरी आपण ‘टोलवर चहा घेऊ’ असे म्हणतोच, आणि जकात नाक्याजवळ राहणारा माणूस पत्ता सांगताना ‘नाका’ गाळून नुसते ‘जकातीजवळ’ म्हणून मोकळा होतो.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा क्रियापदाचा आहे, आणि कोशकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. आपण खाणावळ ‘लावतो’. शिकवणी लावतो, दुधाचा रतीब लावतो, वर्तमानपत्र लावतो, डबा लावतो. जिथे महिन्याच्या हिशेबाने ठरलेली, पैसे मोजून रोज मिळणारी सोय असते तिथे मराठीत हे क्रियापद येते. हॉटेलात रोज दोन वेळा जेवणारा माणूसही ‘मी हॉटेल लावले आहे’ असे कधी म्हणत नाही. इमारत लावता येत नाही, बोली, म्हणजे पैशांचा ठरलेला करार, लावता येते, आणि खाणावळ ही मुळात तशी बोली होती.

मुंबईच्या गिरणगावात हा करार उघड दिसत असे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली आणि पुढे कोकणातून व घाटावरून कुटुंब गावी ठेवून आलेल्या पुरुषांना चाळीतल्या बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवू घातले. पगार झाला की पैसे. पगार नाही तर उधारी, आणि मग वाण्याचे देणे भागवायला सावकार. अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा पगारावर चालणाऱ्या या चुलींनाही त्याची झळ लागली.

उरलेल्या प्रश्नाचे थोडक्यात: उपाहार म्हणजे फराळ, अल्प आहार, म्हणून उपाहारगृह, ‘उपहारगृह’ लिहिले तर ते भेटवस्तूंचे घर होते. हॉटेल या शब्दाला मुळात मुक्कामाची सोय लागते, ती अट मराठीने केव्हाच काढून टाकली.

खाणावळ ही मुळात पैशांची बोली कशी, हे पाहायचे तर त्यापेक्षा ‘भिशी’कडे पाहावे. आज ती दरमहा वर्गणी काढून पाळीपाळीने रक्कम उचलण्याची पद्धत आहे. पण भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या मेसला ‘भिस्सी’ म्हणतात, आणि गुजरातीत ‘वीशी’ म्हणजे चक्क खाणावळ. वीस वर्गणीदारांची ती विशी, आणि तिच्यापासूनच या दोन्ही संस्था निघाल्या, असे मी मानतो. ज्यांना हे वीस मान्य नाहीत त्यांनी गुजराती ‘वीशी’ची दुसरी व्युत्पत्ती मांडावी, ‘भीड’पासून भिशी झाली, हे मात्र पुन्हा सांगू नये.