विंडोज १०ला रामराम करताना: टॅली, प्रिंटर आणि जुने मराठी फॉन्ट

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दुकानातला डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. त्यावर विंडोज ११ चढत नाही. मुलगा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकू. टॅली, जीएसटीची कामं आणि एचपी लेसरजेट १०२० प्रिंटर चालेल का?

उत्तर : आधी टॅलीचं बघू, कारण बाकीचं त्यावर ठरतं. टॅलीप्राइम लिनक्ससाठी निघालेलं नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून ते उघडता येतं असं काही जण सांगतात, पण वर्षाचा हिशेब आणि लायसन्स असल्या जुगाडावर सोपवू नये. म्हणून आहे ती हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच ठेवा आणि मिंट नव्या एसएसडीवर घाला. टॅलीपुरतं विंडोज, बाकी सगळं मिंटमध्ये. विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, तेव्हा त्या बाजूला मेल उघडणं, कुणाचाही पेनड्राइव्ह लावणं बंद करा.

खरेदी थोडीच आहे : २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, एक साटा डेटा केबल (एसएसडीच्या खोक्यात ती बहुधा नसते) आणि ४ जीबीची डीडीआर३ रॅम. डीडीआर४ घेऊ नका, तुमच्या बोर्डात ती बसणारच नाही.

काम सुरू करण्याआधी टॅलीत ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून खातेवही उघडते का ते बघा. एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९च्या पुरानंतर याचं कारण सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको. डिस्कला हात लागणार नसल्याने लायसन्स सरेंडर करायची गरज नाही. पण पुढे कधी विंडोज फॉरमॅट करणार असाल, तर आधी एफ१ मधून सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर हे करूनच करा.

विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर त्याची खूण असते. तो चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून त्या डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, सेव्ह होत नाहीत.

मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची आहे. रूफस या प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. कॉम्प्युटर चालू होताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट न बसवताही चालू होतं. तेव्हाच इंटरनेट, आवाज, स्कॅनर तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉल करण्यापूर्वी वीज बंद करून जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना 'इरेज डिस्क'मध्ये (डिस्क पुसून मिंट घालायच्या पर्यायात) चुकीची निवडली गेली तर टॅली गेलंच. बरोबर निवडली तरी मिंटचा बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती डिस्क काढली की मिंट सुरूच होत नाही. एकटी एसएसडी जोडलेली असेल तर दोन्ही धोके टळतात. यूपीएस चार्ज असताना हे काम करा. झाल्यावर पुन्हा वीज बंद करून केबल जोडा. कुठलं सुरू करायचं ते बूट मेनूतून निवडता येईल.

मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की जुळतं.

१०२० प्रिंटर चालतो, पण त्याची एक खोड आहे. बंद केला की तो आपला फर्मवेअर (प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्रॅम) विसरतो. दर वेळी कॉम्प्युटरने तो नव्याने पाठवावा लागतो. मिंटमध्ये एचपीचं एचपीएलआयपी हे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर असतं, मात्र फर्मवेअरचा प्लगइन वेगळा डाउनलोड करावा लागतो. तो नसेल तर स्क्रीनवर 'छापून झालं' असं दिसतं आणि कागद काही हलत नाही. मिंटची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा घाला.

जीएसटी पोर्टल फायरफॉक्समध्ये उघडतं. मालकी एकट्याची असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतं. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर ते काम विंडोजमध्येच ठेवा. शेतकऱ्यांच्या पट्ट्या एक्सेलमध्ये मॅक्रोवर (आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर) निघत असतील तर ती फाइल मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये आधी चालवून बघा. साधी सूत्रं चालतात, मॅक्रो बऱ्याचदा अडतात.

प्रश्न : साताऱ्यात टायपिंग आणि छपाईचं काम करते. कृतिदेवमधल्या जुन्या फाइली मिंटवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइली खराब झाल्या का?

उत्तर : नाही, फाइली ठीक आहेत. कृतिदेवमध्ये साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच असतात. त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. विंडोजमधली कृतिदेवची टीटीएफ फाइल मिंटमध्ये आणून तिच्यावर डबल क्लिक करा, 'इन्स्टॉल' दाबा, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा. मजकूर दिसू लागेल.

पण नवं काम युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत. तुमचा हात रेमिंग्टनवर (टाइपरायटरच्या कीबोर्ड मांडणीवर) बसलेला असेल तर आयबस (टायपिंगची भाषा बदलून देणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज (कीबोर्ड मांडण्यांचा संच) घालून मराठी रेमिंग्टन निवडा. लॉगआउट करून परत आलात की बोटं तीच राहतात आणि मजकूर युनिकोड होतो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर पहिली वेलांटी, रफार आणि 'ऱ्या' तपासायला विसरू नका. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. जोडाक्षरावरची वेलांटी इथेच सरकते. लग्नपत्रिकेत नावं असतात, त्यामुळे प्रूफ माणसानेच वाचलं पाहिजे.

कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. मिंटवरचं इंकस्केप कोरलड्रॉच्या काही सीडीआर फाइली उघडतं, मांडणी मात्र हलते. पोट कोरलड्रॉवर असेल तर तो कॉम्प्युटर बदलू नका.

प्रश्न : कराडला कॉलेजात आहे. लॅपटॉपवर मिंट घातलं, पण वायफाय दिसतच नाही.

उत्तर : फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची चिप असेल तर बहुधा तिथे ड्रायव्हर सुचवला जातो. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर मॅनेजर एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि रीस्टार्टला निळा पडदा येईल. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलंत तर ड्रायव्हर बसलेला दिसेल, पण वायफाय चालू होणार नाही.