‘इव्हँजेलिन’ इतिहास म्हणून वाचावी का?

प्रश्न: अमेरिकन कवी लाँगफेलोची ‘इव्हँजेलिन’ ही दीर्घ कविता वाचली. ताटातूट झालेल्या प्रियकराला, गॅब्रिएलला, शोधण्यात नायिका इव्हँजेलिनचं अख्खं आयुष्य जातं आणि तो भेटतो ते मरणाच्या दारात. जरा जास्तच रडकं नाही का हे? आणि यातला इतिहास खरा मानायचा का?

उत्तर: रडकं नका म्हणू हो, लुइझियानातल्या अटचफलाया नदीवरचा प्रसंग परत वाचा, तिची मंडळी दमून बेटाच्या सावलीत झोपलेली आणि गॅब्रिएलची होडी पलीकडच्या काठाने निघून जाते, कुणाला पत्ताच नाही, माझ्या मते तिथेच कविता मोठी होते. ग्रीक महाकवी होमरच्या धर्तीचं ते षट्गणी (ओळीत सहा गण असलेलं) वृत्त इंग्रजीत कधी कधी अडखळतं, पण लांबलचक ओळी प्रवासाला शोभतात.

इतिहासाचं मात्र जपून घ्या. 1755 साली आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या ग्रां-प्रे गावात अकेडियन (तिथे वसलेल्या फ्रेंच वंशाच्या) पुरुषांना चर्चमध्ये बोलावून जमीन-गुरं जप्त झाल्याचं आणि त्यांना तिथून हद्दपार करणार असल्याचं सांगितलं, ते खरंच घडलं. पण हुकूम वाचणारा जॉन विन्स्लो मॅसॅच्युसेट्सचा, त्याचे सैनिकही न्यू इंग्लंडचे, म्हणजे कवीच्याच प्रांतातले, आणि 1847च्या या कवितेत सगळा दोष जातो इंग्लंडच्या राजाकडे! मला ही चूक मोठी वाटते. लाँगफेलो नोव्हा स्कोशियाला कधी गेलाही नव्हता, त्यामुळे गाव फारच गोडगुलाबी झालंय. तरीपण अकेडियन लोकांनी इव्हँजेलिनला आपली मानली, ग्रां-प्रेला 1920 पासून तिचा पुतळा उभा आहे, लुइझियानातही आहे.