साठीनंतर मिशनसेवेसाठी परदेशी निघताना

आधी औषधांचं बघा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. सगळा साठा चेक-इन बॅगेत नको, बॅग हरवली की उपचार थांबला. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, पण साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. विम्यात जुने आजार आणि रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी घ्या. मुलांपैकी एकाच्या नावे मुखत्यारपत्र करा. नातवंडांशी बोलायचा वार ठरवा, त्या वेळेत प्रार्थनासभासुद्धा ठेवू नका. पहिले काही महिने भाषेला द्या. उपदेशाची घाई करणाऱ्यांची भाषा सहसा कच्चीच राहते.