पिल्लू रात्री कोरडं राहावं म्हणून

आधी एक विनंती, कुत्र्याचं पिल्लू रात्री अंथरूण भिजवत असेल, तर त्याला ओरडू नका. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर शू धरताच येत नाही. वय जितके महिने, साधारण तितके तास, फार तर एखादा जास्त. त्यामुळे सध्या रात्री उठावंच लागेल. त्याचं रात्रीचं जेवण लवकर आटपा, पण मुंबईच्या उकाड्यात पाणी तोडू नका.

अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी, अंग वळवता येईल एवढंच ठेवा. कुत्रं सहसा स्वतःची झोपायची जागा भिजवत नाही. ते कुंईकुंई करायला लागलं, फरशी हुंगत गोल फिरलं की लगेच उचला. लसी पुऱ्या होईपर्यंत बिल्डिंगखाली नेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच, साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा गंभीर आजार) होतो. बाथरूमचा एक कोपरा ठरवा. दिवा मंद, बडबड नाही, शू झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि परत झोप. त्या वेळी खेळवलंत, तर उद्या ते खेळायलाच उठवेल.

डाग एन्झाइमवाल्या, म्हणजे लघवीचा अंशच मोडून वास घालवणाऱ्या क्लीनरनेच पुसा. फिनाइलने वास आपल्यापुरता जातो, त्याला येतोच.

कोरडं राहायला लागलेलं पिल्लू अचानक पुन्हा भिजवू लागलं, तर लघवीचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.