जोडीदाराला हवामानबदल पटत नसेल तर

आधी वाद थांबव. जेवताना आकडे तोंडावर फेकलेस की समोरचा हट्टाला पेटतो, आणि मग रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणंही त्याला हार वाटू लागते. पटणं वेगळं, वागणं वेगळं. वॉशिंग मशीनमध्ये गरमऐवजी गार पाणी वापरलं तर वीज वाचते, एवढं बिल दाखवून सांग; कारण पैशाचं असलं तरी उत्सर्जन तेवढंच घटतं. मुलं असतील तर त्यांना बोलू दे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अभ्यासात, शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या पालकांची काळजी वाढली. मुलींचा प्रभाव जास्त दिसला. फक्त मुलांना पढवून पाठवू नकोस, ते लगेच कळतं. आणि गाडी, विमानप्रवास असले विषय बुकिंगच्या आदल्या रात्री नको, बरेच आधी काढ.